तिसरं कडवं

गेल्या मंगळवारी सुपरमार्केटच्या दाराशी त्या बाटल्या आल्या. नव्या द्राक्षांचा गढूळ, पिवळट, अजून फसफसणारा रस. धड रस नाही, धड वाइन नाही. इथे त्याला फेडरवायसर म्हणतात. त्याला घट्ट बूच लावता येत नाही, लावलं तर बाटली फुटते. म्हणून वर नुसतं सैल झाकण आणि शेजारी पाटी, की बाटली उभी धरून न्या. पलीकडच्या बेकरीत त्याच दिवसापासून कांद्याचा केक सुरू होतो. केक कसला, कांदा, साय आणि अंडी घालून भाजलेली जाड भाकरीच ती, पण वास असा की जेवून निघालेला माणूसही वळून बघतो. दोन-तीन आठवडे हा सगळा थाट, मग बाटल्या गायब. कायझर्सलाउटर्नला येऊन मला पाच वर्षं झाली. इथले ऋतू मला कॅलेंडरवरून कधी कळले नाहीत, दुकानाच्या दारावरून कळले.

त्या बाटल्यांसमोर मी टोपली घेऊन उभी राहिले आणि घ्यायचं होतं ते दूधही विसरले. मागच्या वर्षी याच दिवसांत मी एका बाईचं गाणं मोडलं. वाईट हेतूने मोडलं असतं तर एव्हाना स्वतःला माफ करून मोकळी झाले असते, माणूस त्यात हुशार असतो. पण मी ते मान द्यायला गेले आणि मोडलं. ते काही केल्या जात नाही.

नोएमी माझ्या वेगेत राहायची. वेगे म्हणजे खोल्या ज्याच्या त्याच्या, स्वयंपाकघर सगळ्यांचं. मी नागपूरची, इथे विद्यापीठात धातूंच्या थकव्यावर पीएचडी करणारी. ती इक्वाडोरच्या डोंगरातली, बेचाळीस वर्षांची, गाणी लिहिणारी आणि गाणारी. आठवड्यातून तीन दिवस ती प्रौढांच्या वर्गात स्पॅनिश शिकवायची, शनिवार-रविवार वाइनच्या जत्रांमधून गायची. एकदा तिची दाढ दुखत होती म्हणून मी तिच्यासोबत गेले होते. दवाखान्यातल्या बाईने फॉर्म वाचला, मान वर केली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "गायिका. अरे वा, छान. आणि कामधंदा?" नोएमीचा गाल सुजलेला होता, त्यामुळे ती हसली की रडवेली झाली ते मला कळलं नाही.

तिची सगळी कारकीर्द मी त्या स्वयंपाकघरात ऐकली, कांदा चिरता चिरता. एकोणिसाव्या वर्षी तिने एक गाणं लिहिलं होतं, डोंगरातून शहरात जाणाऱ्या पहाटेच्या बसवर. एका कंपनीने ते घेतलं, बस काढून टाकली, तिथे समुद्रकिनारा घातला, कंबर घातली, ठेका वाढवला. एक उन्हाळाभर ते गाणं तिच्या देशात आणि आजूबाजूच्या चार देशांत वाजलं. सरबताच्या बाटलीवर तिचा फोटो आला. "आमच्या गावाला समुद्रच नाही," ती म्हणायची, "समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो त्या गाण्याच्या शूटिंगला. पाणी एवढं गार होतं आणि मला हसायचं होतं." पुढच्या उन्हाळ्यात दुसरं गाणं आलं, दुसरी मुलगी आली. मग एका वाद्यवृंदाबरोबर ती जर्मनीत आली, वाद्यवृंद फुटला, ती राहिली. वीस वर्षं ती इथल्या लोकांना त्यांच्या सुट्ट्यांची आठवण करून देणारी गाणी गात होती, दुसऱ्यांची. लोकांना तिच्याकडून ऊन हवं असायचं. आणि तिच्या स्वतःच्या वहीतल्या गाण्यांत तर सगळं धुकं.

ती वही तेलकट होती, कारण तिचं लिहिणं स्वयंपाकघरातच चालायचं. सूर बदलायला गिटारच्या दांड्यावर लावतात तो चिमटा ती माझ्या पोह्यांच्या पाकिटाला लावून ठेवायची. "इथे त्याचा जास्त उपयोग आहे," म्हणायची. मला पोहे करायचे असले की आधी तिला विचारावं लागे, तुला आज गायचंय का. आम्ही दोघी या विनोदावर प्रत्येक वेळी हसायचो, विनोद जुना झाला तरी.

माझे बाबा कारखान्यात फिटर होते आणि वस्तीच्या गायन पार्टीत पेटी वाजवून गायचे. जयंतीच्या महिन्यात एकही संध्याकाळ घरी नसायचे. मी सात-आठ वर्षांची असताना स्टेजच्या कडेला सतरंजीवर बसून सगळं बघायची. एखादी ओळ लागली की गर्दीतून कुणीतरी उठायचं. हातात दहाची नोट, कधी पाचची. तो माणूस सगळ्यांच्या गुडघ्यांवरून वाट काढत यायचा, नोट पेटीवर ठेवायचा, हात जोडायचा. बाबा गाणं थांबवायचे, नोट कपाळाला लावायचे आणि माइकवर त्याचं नाव घेऊन आभार मानायचे. तेवढा वेळ गर्दी थांबलेली असायची. मग तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून, दुप्पट जोरात. गाणं थांबायचं, पण तुटायचं नाही. ती नोट मजुरी नव्हती. तू गायलास ते माझ्यापर्यंत आलं, एवढंच ती सांगायची.

बाबांची स्वतःची लिहिलेली गाणीही होती. त्यांना कुणी विचारत नसे. फर्माईश यायची ती नावाजलेल्या गाण्यांची. एकदाच त्यांनी आपलं गाणं मध्ये घुसडलं, तेव्हा भाजी विकणाऱ्या सकूबाई उठल्या आणि कमरेच्या पिशवीतून पाचची नोट काढून आल्या. बाबांनी माइकवर त्यांचं नाव दोनदा घेतलं. ती नोट त्यांनी खर्च केली नाही. अजून पेटीच्या खोक्यात आहे, घडीवर झिजून दोन तुकडे झालेली.

हे सगळं मी नोएमीला का सांगितलं नव्हतं, याचा विचार मी वर्षभर करते आहे. कोंबडीच्या रश्श्याला इथे कुठलं चिकन चालतं यावर आम्ही तासन्‌तास बोललो. पण घरातलं जे सगळ्यांत खरं असतं ते आपल्याला सांगण्यासारखं वाटतच नाही. ते सगळीकडे तसंच असेल असं आपण धरून चालतो.

मागच्या ऑगस्टमध्ये तिने एक गाणं लिहायला घेतलं. तिची आई शहरात लोकांचे कपडे इस्त्री करायला जायची, तेव्हा घरातली एकुलती एक कोंबडी पळू नये म्हणून तिचा पाय खाटेच्या खुराला बांधून जायची. हे पहिलं कडवं. दुसऱ्यात ती कोंबडी मेलीये, आई मेलीये, मुलगी परक्या देशात आहे आणि तिच्या पायाला तीच दोरी आहे, गाठ तिने स्वतः मारलेली. चाल अगदी साधी, पाळण्यासारखी. मी ते ऐकलं आणि कुकरचा गॅस बंद करायचं भान राहिलं नाही. पाय बांधलेली कोंबडी मी बाजारातून उलटी धरून आणलेली आहे. तिची धडधड हाताला लागते.

मी लगेच बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला. नोएमी गायली, मी मध्ये मध्ये अर्थ सांगत गेले. बाबांना हल्ली दमा आहे, पार्टी कधीच सुटली. ते ऐकत राहिले. म्हणाले, "अगं पोरी, हे तर आपलंच होऊन राहिलं ना." आठ दिवसांत त्यांनी पेटीवर ती चाल बसवली आणि मराठी शब्द घातले:

पाय बांधला कोंबडीचा, खाटेच्या खुराला
आई निघाली, आई निघाली, लोकांच्या घराला

दोरी माझ्या बी पायाला, दिसंना डोळ्याला
मीच मारली गाठ तिची, बोल लावू कुणाला

नोएमीने ते फोनवर ऐकलं. एक शब्द कळत नसताना ती ओट्याला टेकून रडली. बाबा तिला म्हणाले, "तिसरं पाठवा बाई. गाठ सुटते का नाही, ते तर सांगा." मी भाषांतर केलं. ती म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर. तेच मलाही माहीत नाही."

सप्टेंबरच्या शेवटी एका वाइनच्या गावातली जत्रा होती, आमच्याकडून ट्रेनने अर्ध्या तासावर. नोएमीने आयोजकांकडून एक कबूल करून घेतलं होतं, सात ओळखीची गाणी आणि एक आपलं. त्या एका गाण्यासाठी फ्रांकफुर्टहून एक बाई येणार होत्या, नव्या गीतकारांच्या रेकॉर्ड काढणाऱ्या. तीन महिन्यांच्या ईमेलनंतर त्यांनी हो म्हटलं होतं. आदल्या दिवशी नोएमी मला शांतपणे म्हणाली, "प्रज्ञा, या वर्षी नाही झालं तर मी थांबणार. मला आता दुसऱ्यांचा समुद्र गायचा नाही." मी तिला वेड्यात काढलं. थांबतं का कुणी असं, म्हणाले. ट्रेनमध्ये ती खिडकीकडे बघून ओठ हलवत होती, आणि मध्येच माझं मनगट घट्ट धरून म्हणाली, "तिसरं आलं. आत्ता आलं. सांगणार नाही, तिथेच ऐक."

दुपारचे चार. उतारावर द्राक्षाचे वेल, पानं नुकती पिवळी व्हायला लागलेली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं स्टेज. लांबच लांब बाकं आणि त्यांवर फिरणारे अर्ध्या लिटरचे खळ्या पडलेले ग्लास. या भागात एकच ग्लास अख्ख्या बाकाने प्यायचा असतो, अनोळखी माणसालाही पुढे करतात. नोएमीने आयोजकांच्या आग्रहाचा झालरींचा लाल घागरा घातला होता, जो तिच्या डोंगरात कुणी कधी घातला नसेल. सात गाणी झाली. लोक डोलले, शेवटच्या बाकावरच्यांनी आगगाडी करून नाच केला. फ्रांकफुर्टच्या बाई कडेला उभ्या होत्या, हिरवा स्कार्फ, हातात काहीच नाही. मग नोएमी म्हणाली, "आता माझं एक. छोटंसं आहे."

आणि लोक गप्प झाले. हे मला लिहून ठेवलंच पाहिजे, कारण नंतर मीच स्वतःला सांगत राहिले की तसेही कोण ऐकत होतं. ऐकत होते. माझ्यासमोरच्या म्हातारीने घास तोंडात तसाच ठेवला होता. स्पॅनिश कुणाला कळत असेल, पण ती चाल कळत होती. पहिलं कडवं झालं. दुसरं. गाठ मीच मारली, ही ओळ आली आणि ती डोळे मिटून गायली, आणि मी उठले.

उठायचं ठरवलं नव्हतं. माझ्या अंगात ती सतरंजी होती, सकूबाई होत्या. पर्समध्ये वीस युरोची एकच नोट होती, ती काढली. लोकांचे गुडघे ओलांडत, माफी मागत गेले, "एन्टशुल्डिगुंग, एन्टशुल्डिगुंग" म्हणत. ट्रॉलीच्या दोन पायऱ्या चढले, नोट कपाळाला लावली, तिच्या पायाशी ठेवली आणि हात जोडले. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. आयुष्यात इतकं खरं मी फार कमी वेळा वागले असेन.

तिची बोटं थांबली. ती माझ्याकडे बघत राहिली. आमच्या वस्तीत अशा वेळी गर्दी श्वास रोखून थांबते. तिथे पहिल्या बाकावरचा लाल गालांचा माणूस हसून ओरडला, "आह, पैसे टाकून गाणं मागायचं असतं होय! आधी सांगायचं ना!" तो खिशातून पाचची नोट नाचवत आला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला वाटलं खेळ सुरू झालाय. "आल्झो, तर मग आता काहीतरी ओळखीचं!" मागून दुसरा आला. कुणीतरी आपली हॅट उलटी करून तिच्यासमोर ठेवली. नाणी पडायला लागली. आणि बाकांवरून ग्लास आपटून सगळे एका सुरात मघाच्या सातांतल्या एका उन्हाळी गाण्याचं नाव घ्यायला लागले. नोएमीने माझ्यावरची नजर काढली, घागरा सावरला आणि ते गाणं सुरू केलं. छान गायली. कंबरही हलवली. हिरवा स्कार्फ तोपर्यंत तिथे नव्हता.

परतीच्या ट्रेनमध्ये मी सगळं सांगितलं. बाबांचं स्टेज, पेटी, सकूबाई, दोन तुकडे झालेली नोट. सांगताना मलाच ते केविलवाणं वाटायला लागलं, कुणी पाण्यात पडल्यावर पोहण्याचे नियम सांगावेत तसं. गिटार गुडघ्यांत धरून तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "समजलं. तुझ्या गावात तो मान आहे." खिडकीकडे वळून म्हणाली, "पण प्रज्ञा, मी तुझ्या गावात गात नव्हते."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. घरी येऊन तिने आम्हा दोघींसाठी सूप केलं.

आठवड्याने फ्रांकफुर्टच्या बाईंचं ईमेल आलं. अगदी सौजन्याचं. आपण प्रेक्षकांशी छान खेळता, कंपन्यांच्या उन्हाळी पार्ट्यांसाठी आपलं नाव मी काही लोकांना नक्की सुचवीन. नोएमीने मला ते मोठ्याने वाचून दाखवलं, फोन पालथा ठेवला आणि उरलेले बटाटे सोलायला घेतले. मी त्या बाईंना लिहिते म्हणाले, सगळी चूक माझी होती हे कळवते म्हणाले. "नको," ती म्हणाली, "आता तू माझ्यासाठी काही करू नकोस हं." आवाजात जराही राग नव्हता. तेव्हापासून मला कुणासाठी काही करताना भीती वाटते.

नोव्हेंबरमध्ये ती बाड हॉम्बुर्गला गेली. तिथल्या एका ऑफिसच्या कँटीनमध्ये तिला नोकरी मिळाली. कायमची, विम्यासकट. गिटार तिने एका विद्यार्थिनीला देऊन टाकली. जाताना मिठी मारली, मला कढई दिली. चिमटा मात्र पोह्यांच्या पाकिटालाच राहिला. मी तो पाठवला नाही. पाठवला तर तिला वाटेल मी काही सुचवते आहे, आणि ठेवला तर मला रोज दिसतो. पाकिटं बदलत गेली, चिमटा तोच.

माझं संशोधन धातूंच्या थकव्यावर आहे म्हटलं ना. धातू एका घावाने सहसा तुटत नाही. हलके हलके ताण वर्षानुवर्षं बसतात, आत सूक्ष्म चिरा जमत जातात, आणि मग एक दिवस नेहमीपेक्षाही हलका ताण पुरतो. हे मला समजूत म्हणून वापरता येईल, की वीस वर्षांनी तिला तोडलं, मी फक्त शेवटची होते. मी वापरून पाहिलं. शेवटचा ताण ज्याचा असतो त्याला हे गणित उपयोगी पडत नाही.

मंगळवारी दूध न घेता घरी आले आणि तिला फोन लावला. खूश होती. कँटीनमध्ये तिने मसूरची आमटी सुरू केलीये, माझ्याकडून शिकलेली, लोक दुसऱ्यांदा मागतात म्हणाली. "इथे सगळे चांगले आहेत. कुणी मला गायला सांगत नाही." मी हिय्या करून विचारलं, "तिसरं कडवं काय होतं गं?" तिकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. "कागदावर नव्हतं," ती म्हणाली, "डोक्यात होतं. नंतर मी शोधलं, बराच काळ शोधलं. ते लोक पुढे आले ना, तेव्हा गेलं ते. एवढं आठवतं की चांगलं होतं." मी म्हणाले, पुन्हा लिही. ती हसली. "आल्झो, प्रज्ञा, मला कामाला परत जायचंय." चुस म्हणून निरोप घेतला आणि फोन ठेवला.

जगात काय काय अर्धं राहतं, त्यात एका कोंबडीच्या गाण्याचं काय मोठं, असं मी स्वतःला म्हणते. पण ती गाठ सुटली होती की नाही, हे फक्त एका माणसाला एका दुपारी माहीत होतं, आणि आता त्यालाही माहीत नाही.

रविवारी बाबांचा कॉल आला. वर्षभर मी त्यांना सांगत आले आहे की ती दुसऱ्या गावी गेलीये, कामात आहे, पाठवील. त्यांनी पेटी पुढे ओढून ठेवलेली होती. शेजारी आई औषधाची वाटी घेऊन उभी. ती म्हणाली, "अहो, आधी हे घ्या, मग गा." त्यांनी हातानेच तिला थांबवलं. दम सांभाळत, एकेक ओळ सोडून श्वास घेत ते गायले. खाटेचा खूर. लोकांचं घर. दिसंना डोळ्याला. बोल लावू कुणाला. तिथे ते थांबले. उजव्या हाताची बोटं पट्टीवर तशीच, डावा हात भाता हलवत होता, सूर धरून ठेवलेला.

"पुढं?" ते म्हणाले. "त्या बाईला सांग ना, मायाजवळ आता लय वेळ नाही. गाठ सुटून राहिली का नाही, तेवढं ऐकतो."

सूर चालूच होता.

"बाबा," मी म्हणाले, "पुढं नाही. तिथंच मी उठले होते. नोट घेऊन."

त्यांना कळायला वेळ लागला नाही. चाळीस वर्षं स्टेजवर बसलेला माणूस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पेटीच्या खोक्याकडे पाहिलं, आणि भात्यावरचा हात काढून घेतला.